चिठ्ठी परत न टाकता गट निवडताना संभाव्यतेचा हिशेब कसा मांडावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका शाळेत २० शिक्षक आहेत, त्यांपैकी ८ स्त्रिया आणि १२ पुरुष. निवडणुकीच्या कामासाठी ५ नावे पाठवायची असून ती चिठ्ठ्या टाकून काढायची आहेत. निघालेली चिठ्ठी अर्थातच पुन्हा डब्यात टाकायची नाही. या पाचांत किमान २ स्त्रिया असण्याची संभाव्यता प्रश्नकर्त्यांनी अशी काढली आहे : ८ पैकी २ स्त्रिया २८ प्रकारे निवडता येतात, मग राहिलेल्या १८ जणांतून कोणतेही ३ जण ८१६ प्रकारे निवडता येतात, म्हणून अनुकूल प्रकार २८ × ८१६ म्हणजे २२,८४८. एकूण प्रकार मात्र १५,५०४ असल्यामुळे भागाकार १.४७ येतो आणि हिशेब तिथेच अडतो. सोबत आणखी दोन शंका विचारल्या आहेत. शाळेत एक दांपत्य शिकवते, त्या दोघांचीही नावे निघण्याची शक्यता किती? आणि पाचही नावे पुरुषांचीच निघाली, तर सोडत नीट झाली नाही असे म्हणता येईल का?

संभाव्यता १ पेक्षा मोठी असू शकत नाही, त्यामुळे मांडणीत चूक आहे हे उघड आहे. इथे आकडेच असे होते की चूक आपोआप उघडी पडली. शाळेत ८ ऐवजी ३ च स्त्रिया असत्या, तर याच रीतीने ३ × ८१६ म्हणजे २,४४८ आणि त्याला १५,५०४ ने भागून ०.१५८ असे उत्तर आले असते. ते दिसायला अगदी योग्य वाटते, पण खरे उत्तर ०.१४० आहे. स्पर्धा परीक्षांच्या तयारीत विद्यार्थी हीच मांडणी करतात आणि पर्यायांत ०.१५८ दिलेले असले की निःशंकपणे त्यावर खूण करतात. म्हणून चूक कुठे झाली एवढेच पाहून थांबू नये, या गुणाकाराने नेमके काय मोजले गेले तेही पाहावे.

तीन स्त्रियांना अ, आ, इ म्हणू आणि दोन पुरुषांना क, ख. आता अ, आ, इ, क, ख हा एकच गट घ्या. वरच्या मांडणीत आधी दोन स्त्रियांची जोडी निवडली आणि मग उरलेल्यांतून तिघे घेतले. अ आणि आ ही जोडी आधी घेतली, तर नंतरच्या तिघांत इ, क, ख येतात. अ आणि इ ही जोडी आधी घेतली, तर नंतर आ, क, ख येतात. आ आणि इ आधी घेतल्या, तर अ, क, ख. तिन्ही वेळा हाती आलेला गट तोच आहे, पण मोजणीत तो तीनदा धरला गेला. गटात चार स्त्रिया असल्या की तो सहा वेळा मोजला जातो आणि पाच असल्या की दहा वेळा, कारण चार जणींतून ६ जोड्या होतात आणि पाच जणींतून १०. नेमक्या दोन स्त्रिया असलेले गट तेवढे एकदाच मोजले जातात. नेमक्या २, ३, ४ आणि ५ स्त्रिया असलेले गट अनुक्रमे ६,१६०, ३,६९६, ८४० आणि ५६ आहेत (ते कसे आले हे पुढे दाखवतो). आता ६,१६० अधिक ३,६९६ ची तिप्पट, अधिक ८४० ची सहापट, अधिक ५६ ची दहापट अशी बेरीज करून पाहा. ती बरोबर २२,८४८ येते. जादा मोजणी कुठे आणि किती झाली याचा पै न् पैचा हिशेब असा लागतो.

इतकेच नव्हे, तर १.४७ या संख्येलाही निश्चित अर्थ आहे. ती संभाव्यता नाही. पाच जणांच्या गटात स्त्रियांच्या जोड्या सरासरीने किती असतील, याचे ते उत्तर आहे. पाच जणांत १० जोड्या होतात, आणि कोणतीही एक ठरावीक जोडी दोन्ही स्त्रियांची असण्याची संभाव्यता (८/२०) × (७/१९) आहे. त्यांचा गुणाकार ५६०/३८० म्हणजे १.४७ च येतो. गणित बरोबर होते, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचे होते. या विषयातल्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात, म्हणून गुणाकार मांडण्याआधी ‘मी गट मोजतो आहे की गटातल्या जोड्या मोजतो आहे’ असे स्वतःला विचारण्याची सवय लावून घ्यावी.

आता योग्य मांडणी पाहू. ज्याला वर्गात आपण ‘वीस सी पाच’ म्हणतो, म्हणजे २० जणांतून ५ जणांचे किती वेगवेगळे गट होतात ती संख्या, मी इथे नि(२०, ५) अशी लिहितो. नेमक्या २ स्त्रिया असलेले गट मोजायचे असतील, तर ८ स्त्रियांतून २ आणि १२ पुरुषांतून ३ निवडावे लागतात. इथे ‘उरलेल्या १८ जणांतून कोणीही’ असे म्हणता येत नाही. उरलेली तिन्ही नावे पुरुषांतूनच यायला हवीत. म्हणून नि(८, २) × नि(१२, ३) = २८ × २२० = ६,१६०. याच रीतीने एकही स्त्री नसलेले गट ७९२, एक स्त्री असलेले ८ × ४९५ = ३,९६०, तीन स्त्रिया असलेले ५६ × ६६ = ३,६९६, चार असलेले ७० × १२ = ८४० आणि पाचही स्त्रिया असलेले ५६. सहाही संख्यांची बेरीज १५,५०४ येते, म्हणजे कोणताही गट सुटला नाही आणि कोणताही दोनदा मोजला गेला नाही. ही बेरीज करून पाहण्याला मिनिटभरही लागत नाही आणि ती कधीही टाळू नये.

‘किमान २’ साठी चार संख्या मिळवण्यापेक्षा उलट बाजूने जाणे सोपे आहे. नको असलेले गट ७९२ + ३,९६० = ४,७५२ आहेत. ते वजा केल्यावर १०,७५२ उरतात आणि १०,७५२ भागिले १५,५०४ म्हणजे ०.६९३. शंभर वेळा अशी सोडत काढली, तर साधारण ६९ वेळा पाचांत किमान दोन स्त्रिया असतील.

या सगळ्या हिशेबाला आधार एकाच गृहीतकाचा आहे : १५,५०४ गटांपैकी प्रत्येक गट निघण्याची संधी सारखी आहे. दहावीच्या पुस्तकात ज्यांना समसंभाव्य निष्पत्ती म्हटले आहे, त्या इथे गट आहेत. स्त्रियांची संख्या ० ते ५ पर्यंत काहीही असू शकते, म्हणून शक्यता सहा आणि त्यांपैकी अनुकूल चार, सबब संभाव्यता ४/६, असा युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो. इथे त्याचे उत्तर ०.६६७ येते आणि ते खऱ्या उत्तराच्या जवळ पडल्यामुळे फसायला होते. पण त्या सहा शक्यतांपैकी एकीच्या पोटात ६,१६० गट आहेत आणि दुसरीच्या पोटात अवघे ५६. त्यांना सारखे वजन देता येत नाही.

हेच उत्तर एकेक चिठ्ठी उचलण्याच्या क्रमानेही काढता येते, आणि दोन्ही वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचणे ही स्वतःचे काम तपासण्याची उत्तम रीत आहे. पहिली चिठ्ठी पुरुषाची निघण्याची संभाव्यता १२/२०, ती तशी निघाल्यावर दुसरीची ११/१९, मग १०/१८, ९/१७ आणि ८/१६. पाचही अपूर्णांकांचा गुणाकार ०.०५१ येतो, आणि ७९२ भागिले १५,५०४ सुद्धा तेवढेच आहेत. नेमकी एक स्त्री असण्यासाठी पहिली चिठ्ठी स्त्रीची आणि पुढच्या चार पुरुषांच्या, असा क्रम धरला तर ८/२० × १२/१९ × ११/१८ × १०/१७ × ९/१६ हा गुणाकारही ०.०५१ येतो. (दोन्ही गुणाकार तंतोतंत सारखे आहेत, दोन्हीकडे अंशस्थानी १२, ११, १०, ९ आणि ८ हेच आकडे आले आहेत. तो या आकड्यांचा योगायोग आहे, नियम नव्हे.) पण एवढ्यावर थांबले की उत्तर पाचपट लहान राहते, कारण ती स्त्री पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या चिठ्ठीवर येऊ शकते. प्रत्येक क्रमात अंशातले आणि छेदातले आकडे तेच राहतात, फक्त अंशांची जागा बदलते, म्हणून पाचही क्रमांची संभाव्यता सारखी. पाचाने गुणल्यावर ०.२५५ मिळतात, म्हणजेच ३,९६० भागिले १५,५०४. क्रमाच्या रीतीत ही पट विसरली जाते आणि गटांच्या रीतीत तोच गट अनेकदा मोजला जातो. कुठल्या वाटेवर कुठला खड्डा आहे हे माहीत असले, तर दोन्ही वाटा तितक्याच भरवशाच्या आहेत.

क्रमाचा विषय निघाला आहे, तर सोडतीच्या वेळी हमखास होणाऱ्या एका वादाचाही निकाल लावून टाकू. आधी चिठ्ठी उचलणाऱ्याला फायदा होतो, मागे राहणाऱ्याच्या वाट्याला उरलेसुरले येते, असे अनेकांना मनापासून वाटते. दुसऱ्या चिठ्ठीचा हिशेब करून पाहा. पहिली चिठ्ठी स्त्रीची निघाली असेल तर दुसरी स्त्रीची असण्याची संभाव्यता ७/१९, पुरुषाची निघाली असेल तर ८/१९. दोन्ही फाटे एकत्र केले की (८ × ७ + १२ × ८) भागिले ३८०, म्हणजे १५२/३८०, म्हणजे ०.४. पहिल्या चिठ्ठीसाठीही ८/२० म्हणजे ०.४ च होते. पाचव्या चिठ्ठीसाठी आणि अगदी विसाव्यासाठीही हेच उत्तर येईल. आधीच्या चिठ्ठ्या उघडून वाचल्या की नंतरच्या चिठ्ठ्यांविषयीची आपली माहिती बदलते आणि म्हणून अपूर्णांक बदलतात; न उघडता नुसत्या बाजूला ठेवल्या, तर कोणत्याही जागेवरची चिठ्ठी सारखीच असते. याच कारणाने पाच जणांत सरासरी ५ × ०.४ म्हणजे २ स्त्रिया येतात, आणि ही सरासरी काढायला वरच्या सहा संख्यांची गरजही पडत नाही.

आता दांपत्याचा प्रश्न. प्रत्येकाचे नाव निघण्याची संभाव्यता ५/२० म्हणजे एकचतुर्थांश, म्हणून दोघांची एकषोडशांश, असे उत्तर चटकन दिले जाते आणि ते चुकीचे आहे. पतीचे नाव निघाले, तर पाचांतली एक जागा भरली. पत्नीसाठी आता १९ जागांपैकी ४ उरल्या. म्हणून संभाव्यता (५/२०) × (४/१९) = १/१९, म्हणजे सुमारे ०.०५३. एकषोडशांश म्हणजे ०.०६३. नेमके एकाचेच नाव निघण्याची संभाव्यता १५०/३८० आणि दोघेही सुटण्याची २१०/३८०. पाहा, इथे मी २० जणांतून ५ निवडले नाहीत. २० जागा आहेत, त्यांपैकी ५ वर ‘निवड’ असा शिक्का आहे, आणि ही दोन माणसे त्या जागांवर कुठे बसतात एवढेच पाहिले. गटातल्या माणसांऐवजी आपल्याला ज्यांच्याशी कर्तव्य आहे त्या दोघांना जागांवर बसवले की मोठमोठ्या संख्या गळून पडतात. ही उलटापालट फार कामाची आहे आणि पुढे मतदानयंत्रांच्या उदाहरणात तिच्यावाचून हिशेब किचकट होईल.

चिठ्ठी परत टाकली असती तर काय झाले असते? तेव्हा प्रत्येक वेळी स्त्रीचे नाव निघण्याची संभाव्यता ०.४ च राहिली असती आणि किमान दोनदा स्त्रीचे नाव निघण्याची संभाव्यता ०.६६३ आली असती, ०.६९३ नव्हे. सरासरी दोन्हीकडे २ च आहे, पण परत न टाकता निवडताना टोकाचे गट कमी पडतात, कारण सलग पुरुष निघत गेले की डब्यात स्त्रियांचे प्रमाण वाढत जाते. प्रचरणाच्या (आकडे सरासरीपासून किती विखुरतात याच्या मापाच्या) भाषेत, परत टाकताना ते ५ × ०.४ × ०.६ म्हणजे १.२ असते, परत न टाकता त्याला (२० − ५)/(२० − १) या अपूर्णांकाने गुणावे लागते आणि ते ०.९५ पर्यंत खाली येते. २,००० शिक्षकांत ८०० स्त्रिया असत्या आणि त्यांतून ५ निवडले असते, तर हा अपूर्णांक जवळजवळ १ झाला असता, उत्तर ०.६६३ च्या आसपास आले असते आणि दोन्ही रीतींतला फरक सोडून देता आला असता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांनी ज्या पीक कापणी प्रयोगांची पद्धत १९४० च्या दशकात आपल्या देशात घालून दिली, तिथेही कापणीसाठी घेतलेले क्षेत्र एकूण पेऱ्याच्या मानाने इतके लहान असते की हा अपूर्णांक व्यवहारात १ च धरता येतो. शाळेच्या उदाहरणात मात्र समूहाचा चौथा हिस्सा उचलला जातो आहे. तिथे तो सोडता येत नाही.

निवडणुकीचाच विषय असल्यामुळे याच सूत्राचा एक मोठा आणि गंभीर वापर सांगतो. मतदानयंत्रातली मोजणी आणि व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेले मत कागदावर छापणाऱ्या जोडयंत्राच्या, चिठ्ठ्यांची मोजणी जुळते का, हे सर्व यंत्रांवर न तपासता सोडतीने निवडलेल्या काही यंत्रांवर तपासले जाते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी भारतीय सांख्यिकी संस्थेशी संबंधित तज्ज्ञांच्या अहवालाचा आधार घेऊन निवडणूक आयोगाने अशी भूमिका मांडली होती की देशभरातील सुमारे १० लाख ३५ हजार यंत्रांतून ४७९ यंत्रे तपासणे पुरेसे आहे. ८ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रामागे एका ऐवजी ५ केंद्रांवरील चिठ्ठ्या मोजण्याचा आदेश दिला, आणि २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळताना पाचांची ही व्यवस्था कायम ठेवली. पुढचे आकडे यंत्रे सदोष आहेत असे सुचवण्यासाठी नाहीत; इतक्या तपासणीतून काय कळते आणि काय कळत नाही, एवढेच त्यांतून पाहायचे आहे.

समजा देशभरातल्या सर्व यंत्रांपैकी २ टक्के यंत्रांत तफावत आहे. मग ४७९ यंत्रांच्या नमुन्यात एकही तसे यंत्र न सापडण्याची संभाव्यता साधारण ०.९८ चा ४७९ वा घात, म्हणजे लाखात सहा-सात. एवढ्या नमुन्यात काहीच सापडले नाही, तर देशपातळीवर २ टक्के तफावत असण्याची शक्यता जवळजवळ मोडीत निघते. समूह दहा लाखांचा आणि नमुना पाचशेहून कमी, हे ऐकून अनेकांचा विश्वास बसत नाही, पण गणित पक्के आहे. समूह मोठा असला की नमुन्याची ताकद नमुन्याच्या आकारावर ठरते, समूहाच्या आकारावर फारशी नाही.

आता तोच प्रश्न एका विधानसभा क्षेत्रापुरता विचारू. तिथे सरासरीने २५० यंत्रे असतात असे धरू. त्यांपैकी ५ यंत्रांत, म्हणजे पुन्हा २ टक्क्यांतच, तफावत आहे आणि आपण ५ यंत्रे तपासतो. एकही न सापडण्याची संभाव्यता २४५/२५० × २४४/२४९ × २४३/२४८ × २४२/२४७ × २४१/२४६, म्हणजे ०.९०३. सापडण्याची शक्यता दहा टक्क्यांहूनही कमी. पाचांऐवजी ५० यंत्रांत तफावत असती, तर ती ६८ टक्क्यांच्या आसपास गेली असती. देशभरातून काढलेल्या ४७९ यंत्रांपैकी तर या एका क्षेत्राच्या वाट्याला सरासरीने एकही पूर्ण यंत्र येत नाही. आठ-नऊ क्षेत्रांमागे एक असे ते प्रमाण पडते.

दोन्ही हिशेब बरोबर आहेत आणि त्यांत विरोधही नाही, कारण दोन्हीकडे समूह वेगळा आहे. पण निकाल क्षेत्रागणिक लागतो, देशभराचा एकत्र लागत नाही. म्हणून माझ्या मते ज्या समूहाविषयी निष्कर्ष काढायचा आहे, त्याच समूहातून नमुना किती घेतला हे पाहणे अपरिहार्य आहे, आणि ४७९ या आकड्यावर झालेल्या चर्चेत हा मुद्दा जितक्या ठळकपणे यायला हवा होता तितका आला नाही.

एका क्षेत्रातली ती ५ यंत्रे ९५ टक्के खात्रीने पकडायची असतील, म्हणजे त्यांपैकी किमान एक सापडायचे असेल, तर किती तपासावी लागतील? इथे दांपत्याच्या वेळची उलटापालट करा. तपासायच्या यंत्रांची संख्या ‘न’ धरू. तेवढी यंत्रे निवडण्याऐवजी तफावत असलेली ती ५ यंत्रे २५० जागांवर बसवा आणि पाचही यंत्रे तपासणीबाहेरच्या जागांवर बसण्याची संभाव्यता काढा. ती नि(२५० − न, ५) भागिले नि(२५०, ५) आहे. न = १११ ला ती ०.०५१ येते आणि न = ११२ ला ०.०५० च्या किंचित खाली जाते. म्हणजे ११२ यंत्रे, जवळजवळ निम्मी. आणि दहा लाखांच्या समूहात २ टक्के तफावत तितक्याच खात्रीने पकडायला १४९ पुरतात. समूह चार हजार पटींनी मोठा झाला, तरी नमुना ११२ वरून १४९ वरच गेला. परत न टाकता निवड करण्याविषयी मला एकच तुलना सांगायची असती, तर मी हीच सांगितली असती.

असे हिशेब हाताने करण्याची गरज नाही. स्प्रेडशीटमध्ये यासाठी तयार फलन असते. एक्सेलमधल्या HYPGEOM.DIST या फलनात नमुन्यातील हव्या घटकांची संख्या, नमुन्याचा आकार, समूहातील तशा घटकांची संख्या, समूहाचा आकार आणि शेवटी ‘तिथपर्यंतची बेरीज हवी की नको’ अशी पाच उत्तरे त्याच क्रमाने द्यावी लागतात. ‘किमान २’ काढताना १ मधून ‘१ पर्यंतची’ बेरीज वजा करायची असते, ‘२ पर्यंतची’ नव्हे. शाळेच्या उदाहरणात चुकून २ घातले, तर ०.६९३ ऐवजी ०.२९६ येतात आणि संगणक कोणतीही सूचना देत नाही. म्हणून कोणतेही तयार फलन वापरण्याआधी शाळेच्या उदाहरणासारख्या, हाताने सोडवून ठेवलेल्या एका लहान उदाहरणावर ते चालवून पाहावे.

राहिला शेवटचा प्रश्न : पाचही पुरुष निघाले तर शंका घ्यावी का? त्याची संभाव्यता ०.०५१, म्हणजे अशा साधारण वीस सोडतींत एकदा प्रामाणिकपणेही असे घडेल. एवढ्यावरून कोणावर बोट ठेवणे अन्यायाचे होईल. शिवाय पाचही स्त्रिया निघाल्या असत्या, पाचही एकाच विषयाचे निघाले असते किंवा पाचही जण नव्याने रुजू झालेले निघाले असते, तरी कोणी ना कोणी असाच प्रश्न विचारला असता. निकाल पाहून मग विचित्र वाटणारी बाब शोधली, तर काहीतरी सापडतेच. त्यामुळे शंका आधी ठरवलेल्या कसोटीवर आणि शक्यतो अनेक सोडतींच्या नोंदींवर तपासावी.

सोडत खरोखरच बिघडल्याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात कोणाला आधी बोलवायचे हे ठरवण्यासाठी १ डिसेंबर १९६९ रोजी वर्षातल्या ३६६ जन्मतारखांच्या कुप्या एकेक करून काढण्यात आल्या. कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या, डिसेंबरच्या सर्वांत शेवटी, आणि त्या पुरेशा मिसळल्या गेल्या नाहीत. पुढे सैन्यात बोलावणे १९५ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. डिसेंबरच्या ३१ तारखांपैकी सुमारे १४ तारखा त्यातून सुटायला हव्या होत्या; प्रत्यक्षात ५ च सुटल्या. आपल्याच सूत्राने पाहा : समूह ३६६, त्यात बोलावल्या गेलेल्या १९५, आणि ३१ तारखांच्या गटात त्यांपैकी २६ किंवा अधिक येण्याची संभाव्यता हजारात एकाहूनही बरीच कमी भरते. डिसेंबर हा महिना आकडे पाहिल्यावर निवडला, असा आक्षेप घेऊन उत्तराला बाराने गुणले, तरी ते शंभरात एकाच्या खालीच राहते. शिवाय कुप्या भरण्याचा क्रम हे कारणही समोर दिसत होते. पुढच्या वर्षीच्या सोडतीत तारखा एका पिंपात आणि क्रमांक दुसऱ्या पिंपात ठेवून दोन्हींतून एकेक काढण्याची व्यवस्था केली गेली.

म्हणून शाळेतल्या सोडतीसाठी माझा सल्ला असा : वीसही चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच मापाच्या आणि सारख्या घडीच्या असाव्यात. त्या हजेरीपटाच्या क्रमाने डब्यात टाकल्या असतील, तर डबा नुसता हलवून भागत नाही. चिठ्ठ्या टेबलावर पसरून हाताने मिसळाव्यात आणि मग भराव्यात. दांपत्यापैकी एकालाच पाठवायचे असेल, तर तो नियम सोडतीआधी लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. मग सोडत कशी काढायची हेही त्याच कागदावर ठरवावे. दोघांचीही नावे निघाली तर पूर्ण सोडत पुन्हा काढायची असे ठरवले, तर नियमात बसणारे सर्व गट, म्हणजे १५,५०४ वजा ८१६, अर्थात १४,६८८ गट, समसंभाव्य राहतात आणि वरचे सर्व हिशेब या नव्या एकूण संख्येवर पुन्हा मांडता येतात. त्याऐवजी दोघांतले नंतर निघालेले नाव बाजूला ठेवून पुढची चिठ्ठी उचलली, तर ज्या गटांत त्यांपैकी एक आहे त्यांची संधी थोडी वाढते आणि गट समसंभाव्य राहत नाहीत. दोन्ही पद्धती चालू शकतात, पण कोणती वापरली हे माहीत असल्याशिवाय संभाव्यता सांगता येणार नाही.